आतला कप्पा

फोन किणकिणला, आणि केतकीने तो न बघताच पर्सच्या आतल्या कप्प्याची चेन ओढून हात घातला. त्या आवाजाला तिचा हात आता तिच्याही आधी हलत असे. दहा वर्षांच्या आभाच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला होता. रक्तातली साखर उतरायला लागली की तो फोनला कळवी, फोन केतकीला, आणि केतकी त्या कप्प्यातून आंब्याच्या रसाचं छोटं पाकीट किंवा लिमलेटच्या गोळ्या काढून लेकीच्या हातात देई. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. आज बोटांना लागले ते नुसते कागद. गोळ्यांचे चुरगळलेले, चरचरणारे कागद, आणि रसाचं एक पाकीट, चपटं, रिकामं, नळी आत दुमडून ठेवलेली. तिने पुन्हा चाचपलं. चाचपतानाच तिला माहीत होतं की तिथे काही नाही. तिथे काही नाही हे तिला परवापासून माहीत होतं.

दुर्गापूजेतल्या अष्टमीची संध्याकाळ होती. बांबूच्या दोन कठड्यांमधून मंडपाकडे सरकणाऱ्या रांगेत त्या दोघी उभ्या होत्या. मागे सियालदह स्टेशनवर दर गाडीनिशी माणसं उतरत होती आणि येऊन रांगेला जोडली जात होती. पुढे जाता येत नव्हतं, मागे फिरता येत नव्हतं. ढाक ढोलांचा आवाज कुठल्या बाजूने येतोय तेही कळत नव्हतं. केयूरला ऑफिसचं काम निघालं होतं आणि सासूबाईंचे गुडघे एवढं उभं राहू देत नव्हते, म्हणून न्यू टाउनहून दोघीच आल्या होत्या. येण्याआधी आभाने जेवण अर्ध्यावरच टाकलं होतं. इंजेक्शन मात्र पूर्ण जेवणाचं गेलं होतं. हे केतकीच्या लक्षात होतं; वाटेत काहीतरी खाऊ घालू असं तिने मनाशी ठरवलंही होतं.

"आई, माझे हात बघ," आभा म्हणाली. "असे असे करतायत." तिने दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. नवीन फ्रॉकच्या गळ्याशी घाम आला होता आणि ओठांभोवतीची कातडी पांढरी पडली होती. केतकीने फोन बघितला. आकडा साठाच्या घरात, आणि शेजारच्या बाणाचं टोक सरळ खाली.

"देते हं. एक मिनिट." असं म्हणून तिने तिसऱ्यांदा त्या कप्प्यात हात घातला. नंतर कितीतरी वेळ तिला हा तिसरा हात आठवत राहिला. पहिला सवयीचा होता, दुसरा घाबरून. तिसरा मात्र नुसता आभाला दिसावा म्हणून घातलेला होता.

परवा ऑफिसमध्ये षष्ठीचा दिवस होता. सगळा मजला नव्या साड्या आणि कुडते घालून आला होता, दुपारनंतर एकेक खुर्ची रिकामी होत गेली, आणि परदेशातल्या ग्राहकाला मात्र सुट्टीच्या आधी सगळं हवं होतं. केतकी कानाला हेडफोन लावून त्याचं ऐकत होती. तो ओरडत नव्हता, हळू आणि नीट बोलत होता, आणि त्याच्या त्या नीट बोलण्याने तिच्या मानेपासून काहीतरी आवळत खाली येत होतं. तिने पहिली गोळी तोंडात टाकली ती त्याच्या एका प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून. जीभ आंबटगोड झाली आणि मान सैल पडली. मग दुसरी. कागदाचा आवाज होऊ नये म्हणून तो मुठीत दाबून काढायची युक्ती तिला साधली होती. सगळ्या संपल्यावर ती बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली आणि रसाचं पाकीट दोन दमांत ओढून संपवलं. नळी दुमडून आत घातली. कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर कुणी बघेल म्हणून पुन्हा पर्सच्या त्याच कप्प्यात ठेवलं. उद्या भरून ठेवू, असं ती आरशातल्या स्वतःला म्हणाली. असं ती नेहमीच म्हणे, आणि नेहमी भरूनही ठेवी. या वेळी सणाच्या धांदलीत ते राहिलं.

गोड तिला मुळात आवडतही नसे. नाशिकला लग्नाच्या पंगतीत ती ताटातली जिलबी गुपचूप धाकट्या भावाच्या, शरदच्या ताटात सरकवी. हे सुरू झालं दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत. आभा वाळत चालली होती, तांब्यातांब्याने पाणी पीत होती, आणि एका दुपारी वर्गात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा डायबेटिस लहान मुलांना होतो तो, यात कुणाची चूक नसते, इन्सुलिन आता जन्मभर घ्यायचं. केयूर प्रश्न विचारत राहिला. केतकी पाण्याची बाटली आणते म्हणून खाली उतरली. हॉस्पिटलसमोर मिठाईचं दुकान होतं. काचेच्या कपाटात नव्या गुळाचे तपकिरी संदेश, छेन्याची इथली मिठाई, मांडून ठेवले होते. तिने बोटाने दाखवले, आणि पानाच्या द्रोणात मिळाले तसे उभ्याने एकामागून एक खाल्ले. रडू येईल असं तिला वाटत होतं. रडू आलं नाही. पोटात काहीतरी जड, ऊबदार बसलं आणि त्याच्याखाली रडणं दबून राहिलं. ती पाण्याची बाटली घेऊन वर गेली तेव्हा केयूर म्हणाला, "किती शांत आहेस तू. मला नाही जमत." लेकीची साखर बंद झाली त्या दिवशी हिची सुरू झाली, आणि केयूरचं ते वाक्य तिने कधी दुरुस्त केलं नाही.

"आई," आभा म्हणाली, "मला नीट दिसत नाहीये." आणि ती कठड्याला धरून खालीच बसली.

केतकीने मागे वळून, आपण कोणत्या भाषेत बोलतोय हे न कळता, कुणाकडे काही गोड आहे का असं विचारलं. हिंदीत विचारलं असावं. माणसं बघत राहिली. कुणी पाण्याची बाटली पुढे केली. थोडी मागे उभी असलेली लाल काठाची साडी नेसलेली एक बाई पुढे घुसली. "की होयेछे? माथा घुरछे?" काय झालं, चक्कर येतेय का, असं बंगालीत विचारत तिने आभाच्या कपाळाला हात लावला. "शुगर," केतकी म्हणाली, "शुगर लो." त्या बाईने पुढे काही विचारलं नाही. तिच्या हातात दोरीने बांधलेलं मातीचं मडकं होतं, बहिणीकडे न्यायला घेतलेले रसगुल्ले. तिने दाताने दोरी तोडली, वरचा कागद फाडला आणि मडकं केतकीच्या हातात दिलं. केतकी गुडघ्यावर बसली. पेला नव्हता, चमचा नव्हता. तिने उजव्या हाताच्या खळग्यात पाक घेऊन आभाच्या ओठांना लावला. अर्धा हनुवटीवरून फ्रॉकवर सांडला. "गिळ. आभा, गिळ." आभाने गिळलं. पुन्हा हात भरला, पुन्हा. ती बाई मोठ्या आवाजात लोकांना मागे सारत होती, हवा येऊ द्या म्हणत होती. मग करायचं काही उरलं नाही. आता नुसतं थांबायचं होतं, चढायला वेळ लागतो. आभाने डोळे मिटून डोकं केतकीच्या खांद्यावर टाकलं होतं आणि तिचं अंग अजून बारीक बारीक कापत होतं. केतकीची उजवी बोटं चिकट झाली होती. तिने ती तोंडात घातली.

तिने ती चाटली. पहिलं बोट, मग दुसरं. पाक थंड होता आणि फार गोड होता आणि जिभेवर पसरताच मान सैल पडली, नेहमीसारखी. मुलगी खांद्यावर कापत होती आणि आईला बरं वाटत होतं. तिसरं बोट ओठांपर्यंत गेलं तेव्हा तिला कळलं की आपण काय करतोय. तिने वर बघितलं. लाल काठाची बाई तिच्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. घाबरलेल्या आईकडे बघावं तसं ती बघत होती, आणि म्हणाली, "भॉय नेई, मा." भिऊ नकोस, असं. केतकीने बोटं साडीला पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

आकडा वर आला. स्वयंसेवकांनी कठड्याचा एक बांबू सोडून त्यांना बाहेर काढलं. केतकीने त्या बाईला मडक्याचे पैसे देऊ केले तेव्हा तिने फक्त आभाच्या गालाला हात लावून तोच हात स्वतःच्या ओठांना लावला आणि ती पुन्हा रांगेत शिरली. टॅक्सीत आभा खिडकीतून दिव्यांच्या कमानी बघत होती. पुलावरून जाताना केतकी म्हणाली, "आता बरं वाटतंय?" "हो." थोड्या वेळाने आभाच म्हणाली, "ठाकुर बघायचे राहिले." देवीला ती इथल्यासारखं ठाकुरच म्हणे.

दार केयूरनेच उघडलं. त्याच्याही फोनवर तो आकडा दिसत असे. "किती फोन लावले मी. लागतच नव्हता." त्याने आभाला उचललं, ती आता उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती, तिचे पाय त्याच्या गुडघ्यांवर आपटले. "एवढा खाली गेला तोवर काही दिलं कसं नाहीस?"

"कप्पा रिकामा होता," केतकी म्हणाली.

वाक्य खरं होतं. कुणी रिकामा केला ते त्यात नव्हतं एवढंच.

"रिकामा कसा असेल?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्या दसरा-दिवाळीसाठी पुण्याहून आल्या होत्या आणि या घरात पाऊल टाकल्यापासून जपून वागत होत्या. इथे साखरेचा डबा नव्हता, गूळ नव्हता, विजयादशमीला शेजारी मिठाईचे खोके आणून देत ते केतकी दारातूनच वॉचमनकडे पाठवी. "तू तर सारखी भरून ठेवतेस की गं." त्यांची नजर आभाकडे गेली, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "जाऊ दे. लहान आहे. सणाचे दिवस, बाहेर सगळी पोरं खातायत. घेतल्या असतील."

केयूरने आभाला खाली ठेवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "आभा, त्या गोळ्या तू खाल्ल्यास?"

आभाने केतकीकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. केतकीच्या तोंडाला अजून पाकाची चव होती. नाही, मी, एवढे दोनच शब्द होते. ते तिच्या जिभेवर आले, आणि त्यांच्यामागोमाग ते बाथरूम आलं, दुमडलेली नळी आली, आणि दोन वर्षांचे संदेश, जिलब्या, बिस्किटं, गाडीत, जिन्यात, फ्रिजच्या उघड्या दाराआड खाल्लेलं सगळंच बाहेर येऊ लागलं. तिने ओठ मिटले.

"हो," आभा म्हणाली.

"का?"

"असंच. पाहिजे होतं."

केयूर रागावला नाही. तो रागावला असता तर कदाचित केतकी बोलली असती. तो नुसता थकल्यासारखा दिसला. म्हणाला, उद्याच्या नाटकाचं मग बघू या, आपली आपल्याला काळजी घेता येत नसेल तर आई-बाबांशिवाय इतका वेळ तिकडे मुलांच्यात राहणं बरं नाही. नवमीला सोसायटीच्या मंडपात मुलांचं नाटक होतं आणि आभा त्यात वाघ होणार होती. महिनाभर ती जिन्यातून चार पायांवर चढत होती. केतकी हात धुवायला गेली. नळाखाली तिने बोटं इतका वेळ धरली की टोकं सुरकुतली. बाहेर सासूबाई आभाला सांगत होत्या, "खोटं नाही बोललीस हे फार चांगलं केलंस हो बाळा."

सकाळी केतकी आभाच्या खोलीत गेली तेव्हा ती पलंगावर वाघाच्या कपड्यांची घडी घालत होती. शेपटी घडीत बसत नव्हती.

"काल तू हो का म्हणालीस?"

आभाने खांदे उडवले.

"तुला माहीत होतं?"

"मी तुला बघितलंय खाताना," आभा म्हणाली. "गाडीत. तू सिग्नलला गोळी खाल्ली. मी मागे होते ना. तुला वाटलं मी झोपले." तिने शेपटी गुंडाळून वर ठेवली. "खूप वेळा."

"मग सांगितलं का नाहीस बाबांना?"

"बाबा एकदा म्हणाले होते, तू जॉब सोड, आभाकडे बघ. तेव्हा तू किती रडलीस. दार बंद करून. मला ऐकायला आलं." आभा मराठी बोलताना शब्द शोधत थांबे, इथेही थांबली. "तू खाल्लं म्हटलं तर परत तेच झालं असतं. मी खाल्लं म्हटलं तर काय, थोडंसं रागावतील. माझं तर चालूनच जातं. माझं सगळं मोजतातच ना."

केतकी पलंगाच्या कडेला बसली. तिला लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं आणि हात उचलवेना. जवळ घेतलं असतं तर आभानेच तिला थोपटलं असतं, ही भीती होती. माझं सगळं मोजतातच ना. ही मुलगी दोन वर्षं वाढदिवसाच्या घरी केकसमोर हात मागे बांधून उभी राहत होती, आणि लोक म्हणत, किती समजूतदार आहे, आईने किती छान वळण लावलंय. आणि तेव्हा केतकीच्या पर्समध्ये कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा असे. तो ती गाडीत, सीटबेल्ट लावायच्या आधी खाई. म्हणजे मुलीने तेही पाहिलं असणार. मागच्या सीटवर डोळे मिटून, क्रीमचा वास घेत, आईचं खाऊन होण्याची वाट बघत.

ती उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथवर जाताना विचार केला असता तर ती गेली नसती. केयूर कॉफी गाळत होता, सासूबाई फरसबी निवडत होत्या.

"त्या गोळ्या मी खाल्ल्या," ती म्हणाली. "रसही मीच प्यायले. आभाने काहीही घेतलेलं नाही."

केयूरने गाळणं खाली ठेवलं. "तिला वाचवायला सांगतेयस का हे?"

"नाही. मी खाते. नेहमी खाते. तिच्यासाठी ठेवलेलंच खाते, पुन्हा आणून ठेवते. या वेळी ठेवलं नव्हतं."

"कधीपासून?"

"ती हॉस्पिटलात होती तेव्हापासून."

तिला वाटलं होतं तो आता नोकरीचं काढेल. ते उत्तर तिने तयार ठेवलं होतं; कितीतरी महिने तयार होतं. त्याने नोकरीचं काढलं नाही. तो म्हणाला, "खाल्लंस ते असू दे. काल तू तिथे उभी होतीस, केतकी. तिने हो म्हटलं, आणि तू तिथे उभी होतीस."

केयूर कॉफी तशीच टाकून आभाच्या खोलीत गेला. आतून त्याचा हळू आवाज येत राहिला, आणि मग वाघाची एक बारीकशी डरकाळी. सासूबाई शेंगांची टोकं मोडत होत्या. मोडता मोडता त्यांनी विचारलं, "इंजेक्शन घेऊन तिला थोडं गोड चालतं असं डॉक्टर म्हणाले होते ना? केयूर फोनवर सांगत होता तेव्हा."

"हो. मोजून."

"मग घरातून पार बंद केलंस ते कुणासाठी?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. केतकीने ओट्याला पाठ टेकली. तिला उत्तर येत होतं. ते इतकं जवळ होतं की इतके दिवस ते दिसलं कसं नाही याचंच तिला नवल वाटलं. डबा घरात असता तर तिला राहवलं नसतं. म्हणून डबाच नको. आणि डबा नको याचं कारण म्हणून घरात एक आजारी मुलगी होती. "माझ्यासाठी," ती म्हणाली. सासूबाईंनी मान हलवली, आणि निवडलेली फरसबी तिच्याकडे सरकवली. "चिर," म्हणाल्या. ती चिरत असताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, आणि ते तिला बरं वाटलं.

नाटक झालं. आभा चार पायांवर रंगमंचभर फिरली आणि शेवटी चुकून दुसऱ्याचंच वाक्य बोलली. सगळे हसले, तीही हसली. केयूर पहिल्या रांगेत होता. शेजारची खुर्ची त्याने केतकीसाठी धरली होती, पण तिच्याशी तो जरुरीपुरतंच बोलत होता. फराळाच्या टेबलावर जिलब्यांची परात होती. केतकीची नजर तिच्यावर गेली, मान आवळली, आणि ती मान तशीच आवळलेली घेऊन कार्यक्रम संपेपर्यंत बसली. सोपं नव्हतं. आपण बदललो असंही तिला वाटलं नाही. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. घरी परतताना केयूर म्हणाला, "डॉक्टरांना तुझ्याबद्दल विचारू या. तुझीही तपासणी करून घेऊ." ती बरं म्हणाली. तो पुढे म्हणाला, "मला दिसायला हवं होतं," आणि तिला एकदम वाटलं, नको, तू यातला वाटा मागू नकोस, एवढं तरी सगळं माझं राहू दे.

दसऱ्याला सासूबाईंनी श्रीखंड केलं. केयूर सकाळी जाऊन साखर घेऊन आला होता. ती पिशवी ओट्यावर उघडी ठेवलेली बघून केतकीला ऑफिसच्या बाथरूमची कडी आठवली. चौघं टेबलाशी बसली. आभापुढे छोटा वजनकाटा होता. तिने वाटी ठेवली, श्रीखंड घेतलं, थोडं परत काढलं, कागदावर आकडेमोड केली आणि इन्सुलिनच्या पेनची चकती फिरवून आकडा लावला. रोज इथवर आली की ती पेन केतकीपुढे धरी, केतकी आकडा बघे आणि मान हलवी, मगच ती सुई टोचून घेई. केतकीने हात पुढे केला.

आभाने पेन आजीपुढे धरलं. "आजी, इथे बघ. छोट्या खिडकीत. किती दिसतं?"

सासूबाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "पाच वाटतंय बाई. की सहा? केतकी, तू बघ गं जरा, मला नाही हो—"

"नको," आभा म्हणाली. आवाज वर गेला नव्हता. "तू बघ, आजी. मी शिकवते तुला. नीट बघ."

केतकीने हात मांडीवर घेतला. केयूर ताटातल्या पुरीकडे बघत होता. सासूबाईंनी पेन डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि शेवटी म्हणाल्या, "पाच." आभाने मान डोलावली, फ्रॉक वर करून पोटाला सुई लावली, ओठ मुडपून मोजलं, सुई काढली. मग तिने चमचाभर श्रीखंड जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. तिला गिळायची घाई नव्हती. दोन वर्षांत केतकीने इतकं गोड खाल्लं होतं, पण एकदाही असं खाल्लं नव्हतं. तिच्या ताटातही वाटी होती. सासूबाईंनी सगळ्यांना वाढली तशीच तिलाही वाढली होती. तिला वाटलं आपण उठावं, पाणी आणायचं निमित्त करावं, थोडा वेळ ओट्याशी जाऊन उभं राहावं. तिने खुर्ची मागे सरकवली.

आभाने डोळे उघडले.

"कुठे चाललीस? बस ना," ती म्हणाली. "तू पण खा. इथेच. आमच्यासमोर."

केतकी बसली. तिने चमचा उचलला, आणि मुलगी बघत असताना, हळूहळू, वाटी संपेपर्यंत खात राहिली.